कागदावरची बोटं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्या उशाशी तीन रात्री बसलो होतो, तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आधीच एक स्पष्ट करतो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि हे घडल्यावरही बसलेला नाही. मासिकाच्या या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि निम्म्यांवर हसतो. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी यातलं काहीही माझ्याकडे नाही. घडलं ते भर दुपारी, इतवारीच्या एका बोळात, चार माणसांसमोर. ज्यांना शहारे हवे असतील त्यांनी खुशाल पान उलटावं.

चौसष्ट-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. आम्ही मूळचे उमरेडकडचे. वडील लकडगंजात एका लाकडाच्या टालीवर नोकरीला लागले म्हणून नागपूरला आलो आणि महालात दोन खोल्या घेऊन राहू लागलो. मी कॉलेजात, माझी बहीण कुसुम माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिला तीन वर्षांची असताना पोलिओ झाला होता. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड, पाऊलही लहान. चालताना ती डाव्या गुडघ्यावर हात दाबून पाय पुढे टाकायची. त्यामुळे तिचा एक हात कायम अडकलेला. दप्तर, छत्री, पाण्याची बाटली, सगळं उजव्या हातात.

मला तेव्हा एक खूळ होतं. सायकल काढायची आणि या शहरातली चमत्कारिक दुकानं हुडकायची. गावाकडे एकाच दुकानात मिठापासून खिळ्यांपर्यंत सगळं मिळायचं. इथे एकेक वस्तू धरून जन्म काढणारी माणसं होती! महालात एकजण फक्त कंदिलाच्या काचा विकायचा. प्रत्येक काचेला नखाने टिचकी मारून, आवाज ऐकून मगच हातात द्यायचा. सीताबर्डीला जिन्याखाली एक म्हातारे फक्त पेनांच्या निबा घासून द्यायचे. आधी ‘श्री’ लिहायला लावायचे, तुमचा हात कुठे कलतो ते बघायचे आणि तशी निब तिरकी घासायचे. गांधीबागेत एक दुकान फक्त बँडवाल्यांच्या टोप्यांच्या तुऱ्यांचं. मी वहीच्या मागच्या पानावर यादी ठेवायचो. मित्र चिडवायचे, “काहून बे, आज कोन्तं दुकान सापडलं? फक्त उजव्या मिशीचं तेल विकते का कोनी?”

असंच एका दुपारी इतवारीच्या मागच्या बोळात पाटी दिसली... ‘एका पायाचे व कमीजास्त मापाचे जोडे करून मिळतील.’

आत फळ्यांवर जोडे होते, आणि एकाचीही जोडी नव्हती. नुसते डावे, नुसते उजवे. कुणाचा तळ चार बोटं जाड, कुणाला बाजूने पोलादी पट्टी. मधे चामड्याच्या तुकड्यांत बसलेले दौलतजी. पन्नाशीचे, किडकिडीत, कानावर पेन्सिल. शेजारी त्यांची बायको गिरजाबाई वाद्या ओवत होती. मी विचारलं, दुकान उघडं टाकून जेवायला जाता तेव्हा चोरी होत नाही का?

“चोर येते ना जी,” दौलतजी म्हणाले. “पाह्यते अन् परत जाते. एक जोडा नेऊन काय करन? लंगडी खेळन?”

गिरजाबाई तोंडाला पदर लावून हसली. हा विनोद तिने हजारदा ऐकला असणार, तरी हसली.

हे दुकान माझं होतं. म्हणजे, मी शोधलेलं. दुसऱ्याच दिवशी कुसुमला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन गेलो.

दौलतजींची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ते जमिनीवर खाकी कागद अंथरायचे आणि पाऊल त्यावर ठेवायला लावायचे. एकदा बसवून, एकदा उभं करून. उभं केल्यावर अंगाचा भार पडून पाऊल पसरतं, बोटं सरकतात. त्या एकेका बोटाभोवती ते पेन्सिल फिरवायचे. कुसुमची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. तेवढ्या जागेत ते पेन्सिल इतकी हळू फिरवायचे की तिला गुदगुल्या व्हायच्या. मग कागदावर नाव, आणि कागद खिळ्याला ओवायचा. जोडा झाला तरी तो कागद फाडायचा नाही. वाढत्या पोराचं माप दर सहा महिन्यांनी नव्याने घ्यायचं. जुन्या कागदावर चामडं कापायचं नाही म्हणजे नाही. बाहेरगावचा माणूस येऊ शकत नसेल तर घरच्यांनी पाऊल काढून आणलेला कागद ते नाइलाजाने घ्यायचे, पण कुरकुरत.

पहिला जोडा झाला. तळाला हलकं लाकूड हवं होतं, ते वडिलांनी टालीवरून आणून दिलं. कुसुमने तो घातला, उभी राहिली, चार पावलं टाकली... आणि हात गुडघ्यावर नव्हता. बोळाच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली, दोन्ही हात उगाचच हलवत. परेडमधल्या शिपायासारखी! दौलतजी ओरडले, “अवं, हात तुटन ना वं तुहे!” त्या दिवशी घरी तिने दोन हातांत दोन तांबे भरून आणले, गरज नसताना.

दोन वर्षं असं चाललं. दर सहा महिन्यांनी मी तिला न्यायचो.

आता ते सांगतो जे सांगायला इतकी वर्षं लागली.

इतवारीला जायचा आमचा रस्ता ज्या चहाच्या टपरीवरून होता, तिथे कॉलेजची टोळी बसू लागली होती. एकदा मी कुसुमला घेऊन जाताना त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, “काल कॅरिअरवर कोन होती बे?” आणि दुसऱ्याने उठून गुडघ्यावर हात दाबून चार पावलं चालून दाखवलं. ती आता तशी चालत नव्हतीसुद्धा! त्याला मुस्काटात द्यायची सोडून मी हसलो. सगळे हसले म्हणून हसलो. आणि ठरवलं की यापुढे तिला त्या रस्त्याने न्यायचं नाही. दुसऱ्या रस्त्यानेही नेता आलं असतं. ते तेव्हा सुचलं नाही असं म्हणणार नाही. सुचलं होतं. तिच्यासोबत दिसायचंच नव्हतं मला.

जुलैत माप द्यायची वेळ आली. ती शाळेत गेलेली असताना मी तिची जुनी चप्पल घेतली. घरात घालायला दौलतजींनीच करून दिलेली, सहा-सात महिन्यांपूर्वीची. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं, पालथं घातलं, चप्पल ठेवली आणि माझ्या लाल-निळ्या पेन्सिलीच्या निळ्या टोकाने तिच्याभोवती रेघ ओढली. अंदाजाने दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त धरलं. गुळगुळीत, लांबोळी, होडीसारखी आकृती. खाली लिहिलं – ‘कुसुम, डावा’. त्या पानाच्या सुलट बाजूला आईने संकष्टीच्या चौकोनाला कुंकवाचं बोट लावलेलं होतं. हे तपशील लक्षात ठेवा.

दौलतजींनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“बोटं कुठं गेली गा बाबू?”

“मोजा होता तिच्या पायात.”

“जुलै महिन्यात मोजा?”

“ताप आहे तिला.”

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. गिरजाबाई म्हणाली, “पोरीले ताप आहे म्हनून राहिला ना तो. द्या करून. पावसाळ्यात जुन्या जोड्यावर कशी जाईन?”

“देतो,” दौलतजी म्हणाले. “पन आयक. बसला नाही त लगेच घेऊन येजो. अन् तिले विचारू नको. ते पोरगी बोलत नाही. तू तिचं पाऊल पाहजो.”

जोडा आला. तिने घातला. आठवड्याने म्हणाली, “दादा, करंगळीजवळ लागून राहिलं रे.”

“नवा आहे. लागणारच. सैल होईल.”

परत नेला असता तर पहिलाच प्रश्न निघाला असता – ताप उतरला का? आणि घरात कुणालाच ताप माहीत नव्हता. तिने पुन्हा तक्रार केली नाही. मी पाऊल पाहिलं नाही. पोलिओच्या पायात रक्त कमी फिरतं, जखम भरत नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. कुसुमने चिंधी बांधून पाच आठवडे शाळा केली. आईला वास आला तेव्हा हाडापर्यंत पू गेलेला होता. धंतोलीतल्या दवाखान्यात तिची तीन बोटं आणि पावलाची एक कड काढावी लागली. त्यानंतर तो जोडाही निरुपयोगी, दुसरा कुठलाही निरुपयोगी. काखेत कुबडी आली. हात पुन्हा अडकला.

डॉक्टर वडिलांना म्हणाले, “जोडा अरुंद कापला आहे. कुणी केला?”

वडील शांत माणूस होते. ते रागाने गेले नाहीत. ते माप बघायला गेले. “माप बरोबर असून चुकीचा कापला असेल, तर ते त्यांना कळायला पाहिजे. उद्या दुसऱ्या पोराचं होईल.” मला बरोबर घेतलं. जोडा पिशवीत होता.

वाटेत मी ठरवलं होतं... खोटं वाटेल, पण खरंच ठरवलं होतं, की आता कागद निघेल आणि सगळं कळेल. कळू दे. बोळात वळलो तेव्हा आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटत होतं.

दौलतजींनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “मी म्हनलं होतं ना बाबूले,” असं म्हणतच ते उठले, खिळ्यावरून कागद काढू लागले. “भाऊ, कागदच तसा आला होता. बोटंच नव्हती त्याच्यावर. थांबा, दाखवतो.”

त्यांनी कागद वडिलांच्या हातात दिला. मी बाजूला उभा होतो. मला पहिल्यांदा कुंकवाचा डाग दिसला. मग वडिलांनी पान पालथं केलं.

निळी पेन्सिल. ‘कुसुम, डावा’ – माझं अक्षर. आणि वर पाऊल होतं. पाच बोटांचं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. टाचेची निमुळती कड, आतल्या बाजूची खोलगट वळण घेतलेली रेघ... कुसुमचं पाऊल, भार देऊन उभं राहिल्यावर पसरलेलं. माझी होडी कुठेच नव्हती. खोडल्याची खूण नव्हती. एक सलग रेघ.

वडिलांनी पिशवीतून जोडा काढून कागदावर ठेवला. करंगळीच्या बाजूला बोटभर कागद बाहेर राहिला.

“बोटं तर आहेत, दौलतजी.”

दौलतजी वाकले. अंगठा त्या रेघेवरून फिरवला. पान उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं. “हा तो कागद नाही,” म्हणाले. मग कुंकू पाहिलं आणि म्हणाले, “हाय. तोच हाय. पन हे बोटं नव्हते... गिरजा, नव्हते ना?”

गिरजाबाई म्हणाली, “मी कागद हातात कुठं घेतला? तुम्ही म्हनले तेवढं आयकलं.”

मग ते माझ्याकडे वळले. आवाजात राग अजिबात नव्हता. मदत मागावी तसं विचारलं, “बाबू, तू सांग गा. तूच आनला होता. होती का बोटं?”

मी म्हणालो, “होती.”

एकच शब्द. वडील माझ्याकडे बघत होते, कागद माझ्या बाजूने होता, आणि मी म्हणालो, होती.

दौलतजी भांडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले. हातातली रापी – चामडं कापायची सुरी – जमिनीवर ठेवली. म्हणाले, “मंग माह्याच डोळ्यानं दगा देल्ला. माफ करा भाऊ.”

गिरजाबाई चिडून उठली. “काहून माफी मांगता? तीस वर्षं झाली कापून राहिले, कोनाचा पाय कापला आजवर?”

“आता कापला ना वं,” ते म्हणाले.

वडिलांनी बोभाटा केला नाही. करायची गरजच नव्हती. दौलतजींनी स्वतःच हात आखडला. मी महिन्याभराने बोळाच्या तोंडाशी सायकल उभी करून लांबून पाहिलं. एक बाई पोराला घेऊन आली होती. दौलतजींनी माप काढलं, आणि तो कागद गिरजाबाईला दाखवून विचारत होते, किती बोटं दिसतात. पुन्हा विचारत होते. मग बाईला हात जोडून परत पाठवलं. दिवाळीपर्यंत पाटी उतरली. पुढे ते कुणाच्या तरी दुकानात नुसते टाके घालायला बसायचे, कापायला नाही. आठ-नऊ वर्षांनी वारल्याचं कळलं.

तो कागद माझ्याकडे आहे. वडिलांनी पुरावा म्हणून घरी आणला होता, त्यांच्या पेटीतून मी काढून घेतला. तुम्ही सुचवाल ते सगळं मी सुचवून पाहिलेलं आहे. दौलतजींनी बदलला? मग स्वतःच्याच विरुद्ध पुरावा कशाला तयार करतील, आणि माझं अक्षर, आईचं कुंकू कुठून आणतील? कुसुमने काढलं? कागद शाळा सुटायच्या आत दुकानात पोचला होता, आणि त्यानंतर ती त्या बोळात गेलेली नाही. मीच पाऊल काढलं आणि विसरलो? मग दौलतजींनी मला बोटं कुठं गेली असं का विचारलं? आमच्या कचेरीत सह्या-अक्षरं तपासणारे एक गृहस्थ होते. त्यांना वेगळंच निमित्त सांगून दाखवला. भिंगाखाली पाहून म्हणाले, “एका दमात काढलेली रेघ आहे. खाडाखोड नाही. अक्षर आणि रेघ एकाच हाताची... तुमचाच हात दिसतो.”

एकदा, फक्त एकदा, एका भाविक सहकाऱ्याला मी ही गोष्ट ‘माझ्या एका मित्राची’ म्हणून अर्धीमुर्धी सांगितली. ते गहिवरले. म्हणाले, “अहो, तुमच्या मित्राला दैवानेच वाचवलं! मोठी कृपा!”

या कृपेला माझा साफ नकार आहे. हे लिहायला बसलो तेही त्यासाठीच. कुणी केलं ते मला माहीत नाही – देव, दैव, पूर्वज, की ज्याला नावच नाही असं काही. पण ज्याने केलं त्याने एका निरपराध माणसाचा त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला आणि एका भ्याड पोराला सोडून दिलं. असल्या शक्तीपुढे हात जोडणाऱ्यांनी जोडावेत. मी जोडणार नाही. समोर आलीच तर विचारीन, बोटं काढायचीच होती तर जोडा कापायच्या आधी का नाही काढलीस?

आणि त्या शक्तीच्या आड मी लपणारही नाही. कागदावर बोटं कुणी काढली ते सांगता येत नाही. ‘होती’ कोण म्हणालं ते सांगता येतं. कुणी माझी जीभ धरली नव्हती, अंगात काही आलं नव्हतं. मी उन्हात उभा होतो, चांगला शुद्धीवर होतो, एकोणीस वर्षांचा होतो. शिवाय मला हेही ठाऊक होतं की कॉलेजच्या मुलाचा शब्द आणि जोडे शिवणाऱ्याचा शब्द यात वडील, शेजारी, डॉक्टर, सगळे कुणाचा धरतील. तेही मी वापरलं.

कुसुम आज एका शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. कुबडी घेऊन बसने जाते-येते, आणि माझ्या मुलांना माझ्याहून जास्त ती आवडते. तिने कधी विचारलं नाही की त्या वेळी माप कुणी काढलं. तिचं पाऊल कागदावर ठेवल्याचं तिला आठवत नसणार, कारण ते ठेवलंच नव्हतं. एवढं तिला कळत असेलच की... मग का विचारलं नाही? हेही मला समजत नाही. त्या कागदाइतकंच समजत नाही.

हे मासिक तिच्याकडे येतं. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, हे सदर तर आधी. नावं मी बदललेली असली तरी तिला दुसऱ्या ओळीत कळेल. म्हणूनच इथे पाठवतोय. संपादकांनी छापलं तर अंक बाहेर पडायच्या आत मला तिच्यासमोर बसावं लागेल. नाही छापलं तरी बसायचं आहे, पण मी मला ओळखतो.

गिरजाबाई हयात आहेत. जरीपटक्याला मुलीकडे असतात, हे मी शोधून काढलं. चौकशी करून दोन वर्षं झाली.

कागदाचं स्पष्टीकरण मला मिळालेलं नाही आणि मी आता ते शोधतही नाही. माझ्याकडून द्यायचं राहिलं आहे ते एवढं – त्या बाईच्या दारात जाऊन सांगणं, की मी आणला तेव्हा कागदावर बोटं नव्हती, तुमचा नवरा खरं बोलत होता, त्याचे डोळे चांगले होते. आणि हेच कुसुमला. ते मी अजून केलेलं नाही.